‘वापसी’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

आमच्या केळी उत्पादकांच्या गटाची साईट पहिल्यांदा उघडली तेव्हा वरच्या कोपऱ्यात तीन झेंडे होते. इंग्रजीसाठी ब्रिटनचा, मराठीसाठी तिरंगा आणि हिंदीसाठीही तिरंगाच. सासऱ्यांनी मोबाईल हातभर लांब धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यातला आपला कोनता वं?" डावा तिरंगा मराठीचा आणि उजवा हिंदीचा, हे मला ठाऊक होतं; पण मी साईट बनवणाऱ्याच्या शेजारी बसले होते म्हणून. त्याच रात्री झेंडे काढले आणि नुसती नावं लिहिली, प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत. झेंडा देशाचा असतो, भाषेचा नसतो, एवढं साधं कळायला आम्हाला सासरे लागले.

आम्ही रावेर तालुक्यातले, तापीकाठचे. पंचवीसेक केळी उत्पादकांचा गट आहे. माझं माहेर पारोळ्याकडचं, म्हणजे मी अहिराणी बोलत या घरात आले, आणि इथली बोली लेवा गणबोली. दोन्ही खानदेशातल्याच, पण पहिलं वर्षभर सासूबाई आणि मी एकमेकींना अंदाजाने समजून घेत होतो. त्यामुळे एका घरात दोन-तीन भाषा नांदवायची सवय साईटच्या आधीपासूनची. बी.कॉम. झालेय म्हणून गटाचा हिशेब माझ्याकडे, आणि हिशेब माझ्याकडे म्हणून २०२१ साली साईटही माझ्याच गळ्यात पडली.

कारण सरळ होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाहेरचा व्यापारी बागेत येऊन घड बघेना, सगळं फोनवर. आमचा माल सावदा नाहीतर रावेर स्टेशनवरून रेल्वेने दिल्लीकडे जातो, ट्रकने पंजाब, उत्तर प्रदेशात जातो, आणि थोडा चांगला माल निर्यातदारांमार्फत न्हावा-शेवा बंदरातून आखातात. म्हणजे घेणाऱ्याची भाषा हिंदी, निर्यातदाराच्या कागदपत्रांची इंग्रजी आणि पिकवणाऱ्याची मराठी. एका भाषेत भागणार नव्हतं.

त्याआधी गटाचं एक पान कुणाकडून तरी करून घेतलेलं होतं. त्यावरचं मराठी म्हणजे चक्क फोटो होता. पत्रकाचा मजकूर छापखान्यातून आला तसाच चित्र म्हणून चिकटवलेला. दिसायला सुबक, पण गुगलला त्यात एक अक्षर दिसत नव्हतं आणि मोबाईलवर बोटांनी ओढून मोठं केलं की धूसर व्हायचं. मी छापखान्यातून मूळ फाईल मागवली, कॉपी केली, पेस्ट केली, आणि पडद्यावर कंस, टक्के आणि रोमन अक्षरांचा चिवडा. ज्यांनी जुन्या फॉन्टवर काम केलंय त्यांना हे सांगायला नको. त्या फॉन्टमध्ये ‘क’ हा क नसतोच. कुठल्या तरी इंग्रजी अक्षराच्या जागी क चा आकार बसवलेला असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांत, आणायला कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवायचा नसतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, रफार एक अक्षर सरकतो, आणि सगळ्यात जास्त मार खातो तो ‘ऱ्य’.

या ‘ऱ्य’ने माझे चार दिवस खाल्ले. साईटवर शोधायची चौकट होती. त्यात ‘शेतकऱ्यांसाठी’ टाकलं की उत्तर शून्य, आणि पान तर समोर उघडं, त्यावर ठळक अक्षरात तोच शब्द. शेवटी कळलं की हा जोडाक्षराचा आकार दोन रीतींनी टाइप होतो. एकात नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ वापरून, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. कन्व्हर्टरने एक दिला होता, माझा मोबाईलचा कीबोर्ड दुसरा देत होता. सगळ्या पानांत एकच रीत करून घेतली आणि तेव्हापासून नवा मजकूर चढवण्याआधी तेवढं एक पाहते. पत्रकं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला मजकूर चिकटवणाऱ्या प्रत्येकाने पाहावं, कारण आपल्याकडे शेतकऱ्याशिवाय आणि व्यापाऱ्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

साईट वर्डप्रेस या तयार साधनावर केली, भाषांसाठी त्याला पॉलिलँग हे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, घेतलं. त्याची रीत अशी की प्रत्येक भाषेचं पान वेगळं असतं आणि ती पानं एकमेकांना बांधलेली असतात. वाचणाऱ्याने ‘हिन्दी’ दाबलं की त्याच विषयाचं हिंदी पान उघडतं. पानांचे पत्ते, म्हणजे लिंक, मात्र मी रोमन अक्षरांतच ठेवले. आधी हौसेने देवनागरीत केले होते, ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की टक्क्यांच्या चिन्हांची दोन ओळी लांब शेपटी व्हायची आणि लोक ‘व्हायरस आहे का’ म्हणून विचारायचे.

आता भाषांतर. मी आधी सगळं मराठीत लिहिलं आणि हिंदी-इंग्रजीसाठी यंत्राकडे दिलं. वाक्यं बरी आली. शब्दांनी घोळ केला. आमच्याकडे केळीचा भाव एक नसतो. नव्या लागवडीचा पहिला माल तो नवती. खोडाशेजारी राखलेल्या पिलावर पुढचा येतो तो पिलबाग. चांगला माल कापून झाल्यावर बागेत मागे राहतो, हलक्या प्रतीचा, तो वापसी. जाहीर भावाशेजारी ‘फरक’ म्हणून आणखी एक आकडा असतो. हे यंत्राने इंग्रजीत नेलं तेव्हा वापसीचं ‘रिटर्न’ झालं आणि फरकाचं ‘डिफरन्स’. मुंबईच्या एका निर्यातदाराच्या कार्यालयातून फोन आला, तुम्ही माल परत घेता का, आणि क्विंटलमागे किती पैसे कापता? मृग नक्षत्राच्या सुमाराला लावतात ती मृगबाग, तिची तर ‘डिअर गार्डन’ झाली होती. हरणांची बाग. आमच्या दिरांनी त्याचा फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाकला आणि आठवडाभर मला ‘हरणं काय म्हणतात?’ म्हणून विचारत होते.

हिंदीत तर आणखी चोरटा घोळ. लिपी एकच, त्यामुळे शब्द तसाच उचलला की बरोबर वाटतो. ‘वापसी’ हिंदीत आहेच, अर्थ निराळा. बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याला आमची वापसी कळते, ते गाव आमच्या शेजारचंच. लुधियानाच्या माणसाला कळत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई बऱ्हाणपूरच्या, त्यांनी हिंदी पानं लाल पेनाने रंगवून दिली. माझ्या ‘गाडी’खाली त्यांनी नुक्ता दिला, ‘गाड़ी’. ‘वाहतूक’ खोडून ‘ढुलाई’ केलं, ‘कापणी’ची ‘कटाई’. आणि एक सांगितलं जे मला पटलं: "व्यापारी को भाषण नहीं पढ़ना है। माल कब, कितना, किस भाव, फोन किसका।" माझं ‘आमच्याविषयी’चं दीड पानाचं प्रकरण हिंदीत चार ओळींचं झालं.

बाजारातले शब्द भाषांतरित करायचेच नाहीत, असं मग ठरवलं. तिन्ही भाषांत नवती, पिलबाग, वापसी हेच शब्द, फक्त हिंदीत आणि इंग्रजीत प्रत्येकाखाली एका ओळीत अर्थ. इंग्रजी पानावर रोमन लिपीत ‘वापसी’ आणि खाली, चांगला माल गेल्यावर उरलेला दुय्यम प्रतीचा. शब्दांची एक वही केली. त्यात एका रकान्यात आपला शब्द, पुढे हिंदी, पुढे इंग्रजी, आणि शेवटी ‘कोणी सांगितलं’. हा शेवटचा रकाना फार कामाचा. उत्तर प्रदेशातला एक व्यापारी घडाला ‘घौद’ म्हणाला, तेही त्यात आहे, त्याच्या जिल्ह्यासकट.

थोडं अक्षरांबद्दल, कारण ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. एक दिवस सासरे म्हणाले, "हा ल आपला नही." खरंच नव्हता. मराठी ल आणि श आणि हिंदी ल आणि श यांच्या वळणात फरक आहे, शाळेत आपण गिरवतो तो वेगळा. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात, आणि पानाच्या मागे कोणती भाषा नोंदवली आहे ते पाहून फॉन्ट आकार निवडतो. माझी मराठी पानं हिंदीची नक्कल करून बनवलेली, मागे हिंदीचा संकेत ‘एचआय’ तसाच राहिला होता. तो मराठीचा ‘एमआर’ केला आणि ल घरी आला. ही नोंद फक्त शोभेची नाही. आमच्या गटातल्या एका दादांची नजर फार कमी आहे, ते मोबाईलकडून पान वाचून घेतात. नोंद चुकीची असताना मोबाईल मराठी मजकूर हिंदी उच्चारात वाचायचा, आणि ते म्हणायचे, तुझी साईट मला नागपूरच्या पलीकडची वाटते.

आकड्यांनीही छळलं. मराठी पानावर तारीख आणि भाव आपोआप देवनागरी अंकांत यायचे, हिंदी पानावर इंग्रजी अंकांत. मला वाटलं कुठे तरी बिघाड आहे. नव्हता, ब्राउझर मराठीसाठी देवनागरी अंक धरतोच, हिंदीसाठी धरत नाही. ते मी तसंच राहू दिलं. पण नोंदणीच्या फॉर्मवर फजिती झाली. एका काकांनी मराठी कीबोर्डवरून मोबाईल नंबर टाकला, ९८ पासून सुरू होणारा, अगदी बरोबर, आणि फॉर्म म्हणतो ‘नंबर चुकीचा आहे’. तीन वेळा टाकला. चौथ्यांदा त्यांनी मला फोन केला आणि विचारलं, माझा नंबर चुकीचा म्हणजे मग तू आता कुणाशी बोलतेस? फॉर्म तपासणाऱ्या ओळीला फक्त इंग्रजी अंक ठाऊक होते. देवनागरी अंक आले की आधी बदलून घे, अशी एक ओळ घालावी लागली.

मोठी चूक मात्र अक्षरांची नव्हती.

साईट वर्षभर चालली होती. रोज संध्याकाळी रावेरचा जाहीर भाव मी तिन्ही पानांवर हाताने टाकायचे. मे महिन्यात माहेरी लग्न निघालं आणि मी पाच दिवस पारोळ्याला गेले. दिरांना सांगून गेले, त्यांनी इमानेइतबारे रोज भाव टाकला. मराठी पानावर. हिंदी आणि इंग्रजी पानं वेगळी आहेत आणि आपोआप बदलत नाहीत, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. त्या पाच दिवसांत भाव क्विंटलला दोनशेने चढला. पंजाबच्या एका व्यापाऱ्याने हिंदी पान पाहून गाडी पाठवली. गाडी बागेच्या बांधावर उभी, मजूर आलेले, ऊन पंचेचाळीस अंशांचं, आणि ड्रायव्हरच्या हातातल्या मोबाईलवर आमच्याच साईटवरचा जुना भाव. शेतकरी म्हणतो माझ्या मोबाईलवर वेगळा आहे. दोघंही खरं बोलत होते. शेवटी दोन भावांमधली निम्मी तफावत गटाने सोसली. कुणी मला वाईट बोललं नाही, पण मासिक बैठकीत तो खर्च वाचून दाखवायचं काम हिशेब माझ्याकडे असल्यामुळे माझ्याकडेच आलं.

घरी येऊन इंग्रजी पान उघडलं. तिथला भाव तीन आठवड्यांचा जुना निघाला. म्हणजे लग्न हे नुसतं निमित्त होतं. तिथे मी स्वतःच कंटाळा केला होता, आणि कुणी विचारलं नाही म्हणून झाकून गेलं.

मग बदल केला. भाव आता एकाच तक्त्यात भरायचा, एकदाच, आणि तिन्ही पानं तिथूनच आकडा उचलतात. पानांवर वेगळे आहेत ते फक्त शब्द. दिरांच्या एका मित्राने एका रविवारी, भरीत-पुरीच्या मोबदल्यात, ते जोडून दिलं. वर एक अट घातली: आकडा दोन दिवसांहून जुना असेल तर दिसायचाच नाही, त्या जागी ‘आजचा भाव फोनवर विचारा’ एवढंच येईल. पान रिकामं दिसलं तर लोक फोन करतात. जुना आकडा दिसला तर गाडी पाठवतात.

मजकुराला मात्र असा तक्ता पुरत नाही. तिथे एक यादी ठेवली: पानाचं नाव, मराठी कधी बदललं, हिंदी कधी, इंग्रजी कधी. मराठीची तारीख पुढे गेली की बाकीच्यांचे रकाने तांबडे होतात. पहिल्या महिन्यात ती यादी कुंकवाच्या करंड्यासारखी दिसत होती. ती बघूनच पानं कमी केली. पीकविम्याची माहिती हिंदीत कशाला हवी? लुधियानाचा व्यापारी विमा थोडाच भरणार आहे. तेरा किलोची पेटी, कंटेनरमध्ये १३ ते १४ अंश तापमान, त्याखाली गेलं तर साल काळवंडते, हे सगळं इंग्रजीत हवं, मराठीत ते पॅकहाउसवाल्या दोघांनाच लागतं. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिन्हीत. आता तिन्ही भाषांत मिळून जी पानं आहेत ती सारखी नाहीत, आणि मला त्याचं काही वाटत नाही. पाहुण्याला नि घरच्याला आपण सारखंच ताट वाढतो का?

आणखी एक उपद्व्याप केला होता तो काढला. माणसाच्या मोबाईलची भाषा ओळखून साईट त्याला आपोआप त्या भाषेच्या पानावर नेत असे. हुशारी वाटली होती. पण आमच्या गावात निम्म्याहून जास्त मोबाईल इंग्रजीवरच असतात, दुकानदाराने देताना ठेवले तसे. सगळे शेतकरी पेट्या आणि कंटेनरच्या पानावर जाऊन पडायचे. आता साईट मराठीत उघडते आणि निवड माणूस करतो. एकदा निवडली की लक्षात ठेवते.

बोलीचं प्रकरण शेवटी सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही. आमच्या बोलीत ‘ळ’ नाही, त्याचा ‘य’ होतो. केळी म्हणजे केयी, जळगाव म्हणजे जयगाव. सूचना लेवा बोलीत द्यायची मला हौस होती. लिहून पाहिली: ‘केयी’. कॉलेजातल्या पोरांना ती गंमत वाटली, दोन जाणत्या माणसांना राग आला, आपली थट्टा चालवलीय म्हणाले. माझी माहेरची अहिराणी म्हणावी तर तिथेही ‘आहे’साठी ‘शे’ लिहायचं की ‘से’, यावर माझ्याच दोन मावशा भांडतील. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नावाखाली, अहिराणी धरून, साडेअठरा लाखांवर लोक आहेत, अहिराणीला भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तीन अक्षरी संकेतही आहे, पण माझ्या प्लगइनच्या यादीत तिचं नाव नव्हतं. लेव्याचं तर नव्हतंच. नाव हाताने घालता येतं, मराठीच्या संकेताला ‘एक्स’ जोडून पुढे आपलं खाजगी नाव लावायची सोय आहे, ते केलं. पण नाव घातल्याने लिहायचं कसं ते ठरत नाही.

तोडगा सासऱ्यांनीच सांगितला. "लिव्हायचं कायले? बोलायचं." सासूबाई आता आठवड्यातून दोनदा चाळीस सेकंदांची सूचना बोलतात. वादळाचा अंदाज, खताची गाडी, बैठकीची वेळ. मी मोबाईलवर रेकॉर्ड करून मराठी पानाच्या वरच्या बाजूला लावते. शब्द त्यांचे, फक्त तारखा माझ्या, कारण त्या तारखेऐवजी ‘येत्या बुधवारी’ म्हणतात आणि ध्वनिफीत पुढच्या बुधवारीही तिथेच असू शकते.

मागच्या महिन्यात कटाईच्या टोळीच्या मुकादमाने ते ऐकलं. टोळी सातपुड्याच्या पायथ्याची, पावरी बोलणारी. उद्या कोणत्या बागेत, किती वाजता गाडी न्यायला येणार, हे त्यांना रोज रात्री सात-आठ फोन करून कळतं. "आमच्या भाषेत कधी लावता?" त्याने विचारलं. मी म्हटलं, रोज संध्याकाळी बोलणार कोण? त्याने बायकोकडे पाहिलं. ती घड वाहून आली होती, पदराने मान पुसत होती. म्हणाली, बोलेन, पण रोज नाही, कामाच्या दिवशीच.

बटण अजून लावलेलं नाही. सोमवारपासून महिनाभर ती नुसतं माझ्या मोबाईलवर बोलून पाठवणार आहे.